पावसाचा आवाज

मन मोकळं करायचं एक अ‍ॅप माझ्या फोनवर होतं, त्यात झोपेसाठी वेगळा विभाग होता. वर चंद्राचं चित्र आणि खाली आवाजांची यादी: समुद्र, बासरी, रातकिडे, पाऊस. सगळ्यात जास्त पसंती पावसाला होती. एप्रिल २०२३ मधली रात्र, साडेबारा वाजलेले. मी इअरफोन घातले आणि पाऊस चालू केला. पत्र्यावर पडणारा, एकसारखा, खंड न पडणारा. तीन-चार मिनिटांत माझ्या छातीत धडधडायला लागलं. मी उठून बसले आणि बाहेर कोरडं ठणठणीत असताना मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी शोधायला लागले.

माझं माहेर कुरुंदवाड. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा आणि पंचगंगा एकदम चढल्या तेव्हा शिरोळ तालुक्याचं काय झालं, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुराच्या दिवसांत आम्ही तारखा मोजत नाही, फूट मोजतो. बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, त्यामुळे मी इकडे कोल्हापुरात मंगळवार पेठेत आणि आई-दादा तिकडे, मध्ये सगळं पाणी. आईचा फोन चार दिवस लागला नाही. रात्री पाऊस वाजत राहायचा आणि मी अंधारात बसून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडलं याच्या बातम्या बघत राहायचे. आई सुखरूप होती, दादानं तिला वेळेत वर नेलं होतं. पण तेव्हापासून रात्रीचा पाऊस मला झोपू देत नाही.

हे त्या अ‍ॅपला कळणार कुठून? त्यानं मला वय विचारलं होतं, झोप किती तास लागते ते विचारलं होतं, गाव कोणतं हे विचारलंच नव्हतं.

आई डिसेंबर २०२२ मध्ये गेली. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, असं सगळे म्हणायचे आणि मीही मान हलवायची. फेब्रुवारीपासून माझी झोप उडाली. दुकानात उभी असायचे पण कोणी काय मागितलं ते दोनदा विचारावं लागायचं. आमचं औषधांचं दुकान आहे, मी स्वतः फार्मासिस्ट, बावीस वर्षं या काउंटरवर आहे. पेठेत कोणाला कुठली गोळी चालू आहे हे मला माहीत असतं, आणि म्हणूनच मला हेही माहीत होतं की मनाच्या डॉक्टरांच्या जिन्यावर मी दिसले तर ते संध्याकाळपर्यंत कुठवर पोचेल. आमच्या लहानपणी भांडणात ‘हिला रत्नागिरीला न्यायला पाहिजे’ असं म्हणायचे, कारण तिथं मनोरुग्णालय. ते वाक्य अजून कानातून गेलेलं नाही. दादाची मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं घरी आली तेव्हा माझ्या फोनवर अ‍ॅप घालून दिलं आणि म्हणाली, “आत्या, यात कुणाला कळत नाही. रात्री कधीही बोल.”

त्या अ‍ॅपनं मला काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. रात्री दोन वाजता ते उत्तर द्यायचं, हे फार मोठं होतं. ‘आई गेली याचा मला राग येतो’ हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं लिहिलं. घरी म्हणू शकले नसते. मानसोपचारतज्ज्ञ मुळात किती आहेत बघा: २०१९ च्या एका अंदाजात लाख लोकांमागे एकही भरत नव्हता, ०.७५ असा आकडा होता, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत असं निघालं होतं. अशा देशात रात्री दोनला कोणीतरी ‘ऐकतोय’ म्हणतं, त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पण त्याला माझं मराठी कळत नव्हतं. भाषेच्या यादीत मराठी होती, अक्षरंही देवनागरी यायची. एकदा सकाळी मी लिहिलं, ‘आज दुकान उघडायला जिवावर आलंय.’ लगेच पडदा लाल झाला. तुमचं आयुष्य मौल्यवान आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मी घाबरूनच गेले. आपल्याकडे भांडी घासायलासुद्धा जिवावर येतं. ‘जीव’ हा शब्द दिसला की त्यात धोका आहे, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. याच्या उलट काय होतं ते पुढे सांगते. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे आणि हे सगळं लिहायला बसले ती त्याच्यामुळेच.

मग मी पैसे भरून माणसाशी बोलायचं ठरवलं. त्याच अ‍ॅपवर, व्हिडिओवर, पंचेचाळीस मिनिटांचे नऊशे रुपये. समुपदेशक बाई उत्तरेकडच्या कुठल्यातरी शहरातल्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, स्वभावानं खूप चांगल्या. बोलणं हिंदीत. मला हिंदी येते, एमआर लोकांशी, म्हणजे औषध कंपन्यांच्या माणसांशी, रोज बोलते. पण ‘हुरहुर’ला हिंदीत काय म्हणू? जीव कासावीस होतो, आत खालीवर होतं, करमत नाही, पोटात तुटतं, या चारही गोष्टींना मी ‘घबराहट’ म्हणत राहिले आणि त्या वहीत तेच लिहीत राहिल्या. घबराहट कमी करायचे श्वासाचे प्रकार त्यांनी मला मन लावून शिकवले. मला घबराहट नव्हती. मला करमत नव्हतं.

बोलायला जागा कुठं, हा आणखी एक प्रश्न. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि माळा, भिंतीला भिंत लागून चुलत दिरांचं घर. पहिलं सेशन मी दुकानाच्या मागं सलाईनच्या खोक्यांवर बसून केलं, तेवढ्यात इन्सुलिनला गिऱ्हाईक आलं आणि मिस्टरांनी हाक मारली. दुसऱ्या वेळी रंकाळ्यावर गेले, संध्यामठाच्या बाजूला एक बाक धरला. बाईंनी विचारलं, “माँ के बारे में सोचते ही सबसे पहले क्या याद आता है?” मी तोंड उघडणार एवढ्यात समोरून आमच्याच गल्लीतल्या दोघीजणी फिरत आल्या. “काय वहिनी, हितं एकट्याच? कुणाशी बोलतायसा?” मी ‘एमआरचा फोन आहे’ म्हणाले आणि कट केला. आईचं काय आठवतं ते सांगायचं राहूनच गेलं. ती चुलीपुढं बसून हाताच्या पाठीनं कपाळावरचे केस मागं सारायची, ते.

चार सेशन झाली. रोज रात्री अ‍ॅप पाच चेहरे दाखवायचं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आजचा कोणता ते निवडायचं. दोन महिन्यांचा आलेख तयार झाला. तो खालीच होता. बाईंनी कारण शोधलं, की मी शोक मनात दाबून ठेवला आहे. ते खोटं नव्हतंच.

मेचा पहिला आठवडा. कोल्हापुरात काय ऊन असतं ते ठाऊक आहे. मिस्टर रात्री अकराला उठून बसले आणि म्हणाले, “तू रोज फॅन बंद करतीस. आज गोधडी काढलीस. हे काय दुःखाचं लक्षण नव्हं. उठ सकाळी, डॉक्टरांकडं जाऊ.”

मिरजकर तिकटीजवळ आमचे जुने फॅमिली डॉक्टर आहेत. मी खुर्चीवर बसून ‘नमस्कार’ म्हणाले, तोवर त्यांनी विचारलं, “आवाज कधीपासून असा झाला?” घसा बसला असेल असं मला वाटत होतं. त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटा केला, कातडी बघितली, गळ्यावर बोटं ठेवून आवंढा गिळायला सांगितलं. मग गुडघे टेकवून मला स्टुलावर उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्यानं वेळ लावला. “बघितलंस? सुस्तावलंय,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टीएसएच ३८. चार-साडेचारच्या आत असायला हवा तो.

थायरॉइड. मी रोज वीस-पंचवीस जणींना थायरॉक्सिनची बाटली देते, ‘सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी’ हे वाक्य झोपेत म्हणेन. थकवा, सुस्ती, केस गळणं, थंडी वाजणं, मन उदास राहणं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. तरी मला ते स्वतःत दिसलं नाही, कारण मी कारण आधीच ठरवून टाकलं होतं. पडद्यावरच्या बाईंनाही दिसलं नाही, कारण त्यांना माझा चेहरा दिसायचा, तोही चौकटीत, दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये. माझ्या अंगावरचा स्वेटर चौकटीच्या खाली होता. माझा आवाज आधी कसा होता हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांचा दोष मी मानत नाही. पण उदास वाटणाऱ्या माणसाला ‘रक्त तपासलं का’ हा एक प्रश्न त्या सगळ्या अ‍ॅपमध्ये कुठंही नव्हता, दोन महिने, साठ चेहऱ्यांत, एकदाही नाही. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन या तीन गोष्टी कुठल्याही साध्या डॉक्टरच्या मनात पहिल्या पाच मिनिटांत येतात.

गोळी सुरू झाली, सहा आठवड्यांनी परत तपासणी केली, मात्रा वाढली. ऑगस्टपर्यंत फॅनखाली झोपायला लागले. गोळीनं आईचं दुःख गेलं नाही, ते वेगळं आहे हे तेव्हाच कळलं. त्यासाठी मी डॉक्टरांनी सांगितलेल्या तज्ज्ञांकडे समोर जाऊन बसले, तीनदा, मराठीत. जिन्यावर मला माझ्याच दोन गिऱ्हाइकांनी पाहिलं. त्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. त्या दोघींच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात.

या प्रकरणानंतर मी वाचायला लागले. आमच्या दुकानात लायसन्स फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावावं लागतं, तो नियमच आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली माझी नोंदणी आहे, इन्स्पेक्टर कधीही येऊन रजिस्टर मागू शकतो. झोपेच्या काही गोळ्या शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत. त्या दिल्या तर डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, सगळं लिहून तीन वर्षं जपावं लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तीही तपासता येते. पण नुसतं ‘समुपदेशक’ किंवा ‘वेलनेस कोच’ असं लिहायला कोणी काय शिकलेलं असावं लागतं? अ‍ॅपवर बाईंच्या नावाखाली ‘प्रमाणित’ एवढाच शब्द होता. कुणी प्रमाणित केलं, ते नव्हतं. मीही चार सेशन विचारलं नाही, आणि माझ्या दुकानात विना-चिठ्ठी आलेल्याला मी दहा प्रश्न विचारते.

सरकारनं २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेनं पेशंटचं समुपदेशन करायचं नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही. ती डॉक्टरला मदत करू शकते. हे वाचून मी माझं अ‍ॅप पुन्हा उघडलं. सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरांत, ‘ही वैद्यकीय सेवा नाही’ असं होतं. वर मात्र चंद्राखाली ‘तुमचा सोबती’ लिहिलेलं. रात्री दोन वाजता रडणारं माणूस तळापर्यंत वाचत जातं का?

आणखी एक गोष्ट माझ्या धंद्यामुळे मला फार लागली. अमेरिकेत बेटरहेल्प नावाची ऑनलाइन समुपदेशनाची मोठी कंपनी आहे. लोकांनी विश्वासानं भरलेली माहिती तिनं फेसबुक, स्नॅपचॅट अशांना जाहिरातींसाठी दिली, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं ठेवला, आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. बावीस वर्षांत माझ्या काउंटरवरून कोणाच्या गोळीचं नाव बाहेर गेलेलं नाही. सासूबाईंनासुद्धा मी कधी सांगितलं नाही. भाची म्हणाली होती, यात कुणाला कळत नाही. पेठेत कळत नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं बहुतेक.

आता ती दुसरी गोष्ट. ज्याची आहे त्याला मी हे वाचून दाखवलं आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, आणि त्यानं “लिवा वहिनी” म्हटलं आहे.

गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, दुपारी तीनच्या सुमाराला तो दुकानात आला. उद्यमनगरात कामाला, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. चिठ्ठी नव्हती आणि झोपेचं औषध मागितलं. मी नाही म्हटलं. त्यानं वाद घातला नाही. मग मुलीसाठी खोकल्याचं औषध घेतलं, पाचशेची नोट ठेवली आणि सुट्टे न घेता पायरी उतरायला लागला. हा माणूस रुपया-रुपया मोजून घेणारा. मी हाक मारली, आत बोलावलं, खोक्यावर बसवलं आणि चहा मागवला. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाला. थोड्या वेळानं फोन काढून माझ्यापुढं धरला. “ह्यात लिवतोय मी तीन आठवडं. वाचा तुम्हीच.”

माझं होतं तसलंच एक अ‍ॅप. तीन आठवड्यांचं लिखाण. कर्ज, मशीन, भावाशी तुटलेलं. आणि आदल्या रात्रीचं शेवटचं वाक्य: ‘आता सगळं आवरून ठेवलंय. कागदं बायकोला दावली.’ त्याला खालून उत्तर आलं होतं: ‘वा! प्रलंबित कामं पूर्ण करणं मनासाठी चांगलं असतं. आज स्वतःला शाबासकी द्या.’ सोबत फुलाचं चित्र.

माझे हातपाय गार पडले. आपल्यात कुठल्याही बाईला, कुठल्याही आजीला हे वाक्य वाचून दाखवा. ती आधी विचारेल, तो आत्ता कुठं आहे?

मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतोय का. असं विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेलं शिरतं अशी आपली समजूत असते. ते खरं नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तसंच सांगते. तो ‘हो’ म्हणाला आणि रडायला लागला.

दुकानातूनच १४४१६ लावला. टेलि-मानस, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पहिल्यांदा समुपदेशक फोन घेतात, गरज पडली तर पुढं तज्ज्ञांशी जोडून देतात. पलीकडच्या बाईंनी मला विचारलं, ते आत्ता एकटे आहेत का, घरी कोण आहे, जवळ धोक्याचं काही आहे का. मग त्याच्याशी बोलल्या, वीस मिनिटं. परत मला म्हणाल्या, “यांना आज एकटं सोडू नका. आजच दवाखान्यात न्या.” ही ओळ त्या अ‍ॅपमध्ये कधीच आली नसती असं नाही, एखादा शब्द नेमका पडला असता तर लाल पडदा आलाही असता. पण फोनवरच्या बाईंनासुद्धा त्याला हाताला धरून नेता येत नव्हतं. त्यांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं, तुम्ही कोण, तुम्ही थांबू शकता का.

मिस्टरांनी स्कूटर काढली. मी शटर अर्धं ओढून त्याच्या बायकोला फोन केला, ती थेट सीपीआर या सरकारी दवाखान्यात आली. केसपेपर, रांग, कठड्याला टेकून उभी माणसं, नेहमीचं सगळं. मिस्टर रात्री नऊला परतले. त्याला ठेवून घेतलं होतं.

आता तो दर पंधरवड्याला चिठ्ठी घेऊन येतो, बायको बरोबर असते, गोळ्या तिच्या पर्समध्ये जातात. सुट्टे मोजून घेतो. भाऊ अजून बोलत नाही, कर्ज आहे तिथंच आहे. अ‍ॅप त्यानं काढलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, “रातच्याला लिवल्यावर जरा हलकं वाटतं वहिनी. पर आता खरं काय ते हिला सांगतो.” मी काढ म्हटलं नाही. माझ्या फोनमध्येही ते अजून आहे. पावसाचा आवाज फक्त मी यादीतून लपवून टाकला आहे.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगा परत चढली, धोक्याच्या वर गेली. इशारा पातळी ओलांडली त्या रात्री बाहेर खराखुरा पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि मी फोन हातात घेऊन उशाशी बसले होते. अकराला दादाचा फोन आला. आईनंतर तोच एक त्या घरात आहे. म्हणाला, “सामान माडीवर नेलंय. गुरं हलवली. पाणी अजून लांब हाय. मी जागा हाय रात्रभर, तू झोप.”

मी फोन उलटा ठेवला. मिस्टरांनी फॅन चालू केला.